देयक क्रमांक एक

दुपारी तीनला पाहुण्यांनी पडद्यावर दाखवलं
त्यांच्या शहरातलं ट्रामचं जुनं कारशेड.
रूळ तसेच ठेवलेत फरशीत,
रुळांच्या मधल्या जागेत टेबलं.
एकावर कुणी कानयंत्र जुळवतंय,
एकावर शेवाळाचा पाव भाजून बघतंय.
भाडं पहिल्या वर्षी नाही.
दुसऱ्या वर्षी, जमलं तर.
"आणि नाहीच जमलं तर?" उपायुक्तांनी विचारलं.
पाहुणी बाई हसली. दुभाष्या म्हणाला,
"किल्ली परत देतात. मग आमच्याबरोबर कॉफी पितात."

सभागृह हसलं. मीपण.
आत एसी अठरावर. बाहेर नागपूर शेहेचाळीसवर.

मी परवाना विभाग, खिडकी चार.
एकोणीस वर्षं.
आमच्या अर्जात तेवीस रकाने:
जागेचा पुरावा, भाडेकरार, करपावती,
शेजाऱ्यांची ना हरकत, डाव्या अंगठ्याचाही एक.
"अजून करून पाहतेय" असं लिहायला
रकाना नाही.

त्या कॉफीवरून आठवली वैजयंता सोनकुसरे, तांडापेठ.
एप्रिलमध्ये तीनदा आली होती.
बापाचा हातमाग भंगारात गेला,
खड्डा तेवढा राहिला, ज्यात पाय सोडून तो विणायचा.
त्या खड्ड्यात ही आता भिजवते
गिरणीतला रद्दी कापूस अन् अंबाडीचा दोर,
आणि त्याच्या थापते कूलरच्या ताट्या.
"वाळ्यापेक्षा पाणी निम्मंच लागते जी," म्हणाली.
"फक्त दहाव्या दिवशी वास येते.
त्याच्यावर काम सुरू आहे."

नमुना डोक्यावर आणला होता, ओलाच.
मी म्हणालो, आधी परवाना, मग नमुना.
"अन् परवान्याले काय लागते?"
भाडेकरार.
"घर आमचंच आहे ना जी, भाडं कोणाले देऊ?"
मग घरात व्यवसायाची परवानगी. ती खिडकी दोन.
खिडकी दोन त्या दिवशी रजेवर होती.
ती गेली. खिडकीपासून दारापर्यंत
पाण्याचे थेंब. शिपायाने पुसले, शिव्या देत.

पडद्यावर आता शेवटचं चित्र होतं.
"पहिलं गिऱ्हाईक शहरच असतं," दुभाष्या सांगत होता,
"आमच्या शाळांचे दिवे, बागेतली बाकं
नव्या लोकांकडून घेतो आम्ही.
कुणीतरी पहिलं व्हावं लागतं."
आमच्या खरेदीच्या नियमात पहिलं होता येत नाही.
तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला लागतो.
मी टाळ्या वाजवल्या.

मग माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
लिहून घेतलं ऑफिसच्या कूलरचं माप:
तीन बाजू, अडीच फूट बाय दोन.
आणि ऊन उतरल्यावर तांडापेठ.

तिने मला ओळखलं. पाणी विचारलं नाही.
"भाडेकरार आणू का?"
माप आणलंय, म्हणालो.
खड्ड्याच्या काठावर बसून तिने कागद उलटा केला,
सुलटा केला. ट्रामच्या शेडकडे पाहिलं थोडा वेळ.
"हे कुठलं आहे?"
दूरचं.
"छत चांगलं आहे," म्हणाली.

बिलबुक नवं होतं, पाठ अजून कडक.
क्रमांक एक.
"कोणाच्या नावानं? महानगरपालिका?"
नाही, माझ्याच.
ती थांबली. पेन टेकवून ठेवलं कागदावर,
शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत.
मग लिहिलं माझं नाव, आडनावात एक चूक करून.
उधारी नाही म्हणाली. मी मागितलीही नव्हती.

नऊ दिवस खिडकी चारला वारा बरा आला.
लोक रांगेत जरा जास्त वेळ उभे राहू लागले,
म्हणजे तक्रार न करता.

दहाव्या दिवशी वास आला.
मी फोन केला. पलीकडे पाण्याचा आवाज, मग ती:
"कोणत्या बाजूच्या ताटीले?"
डाव्या.
"सकाळी येते का संध्याकाळी?"
बघावं लागेल.
"असं तोंडी नोका सांगू, साहेब.
लिहून द्या. तारीख टाका."

कागद घेतला. वर लिहिलं: प्रति,
आणि पुढे काय लिहायचं
ते कुठल्याच नमुन्यात नव्हतं.